कुमुदताईंचा फुटपाथ

कुमुदताई पारखींच्या लक्षात माणूस राहायचा तो त्याच्या मोडलेल्या हाडावरून. सरकारी दवाखान्यात एक्सरे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही देवास गेटच्या बाजारात भाजी घेता घेता त्या मध्येच थांबायच्या आणि हलक्या आवाजात म्हणायच्या, "तो बघ, टोमॅटोवाल्याच्या मागे उभा आहे ना, त्याचा उजवा घोटा. दोन ठिकाणी." नाव विचारलं तर सांगता यायचं नाही. त्या माणसाला मात्र ताई आठवत असत. तो नमस्कार करायचा आणि ताई त्याला भर बाजारात चार पावलं चालायला लावायच्या. "चल के दिखाओ. ऐसे नहीं, सीधा." तो बिचारा हातातली पिशवी खाली ठेवून चालून दाखवायचा.

त्यांचे वडील रेल्वेत होते. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले तेव्हा ताई शाळेत होत्या, आणि पुढचं सगळं आयुष्य इथे जाऊनही त्यांची हिंदी भुसावळच्या फलाटावरच उभी राहिली. "मेरेको", "तुमको बोली ना मैं", आणि अडलं की सरळ मराठी शब्द. समोरच्याला कळायचं, कारण त्या हातवारे करून बोलत. लग्न केलं नव्हतं. माधवनगरच्या मागे आमची कॉलनी आहे, तिथे आमच्या घरासमोर दोन खोल्यांत राहायच्या. कॉलनीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. बाकी सगळे त्यांना "एक्सरे वाली दीदी" म्हणत.

माझी ओळख एवढीच पुरे की मी एका बँकेच्या राजभाषा विभागात आहे. सरकारी हिंदीत पत्रं लिहिणं हेच माझं काम, आणि माझं अक्षर चांगलं आहे. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. या दोन गोष्टी माझ्यात नसत्या तर मला हे लिहावं लागलं नसतं.

ताई सायकल चालवायच्या. काळी, लेडीज, पुढे वेताची टोपली. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पाठ इतकी ताठ की वाटावं, फोटो काढायला बसल्या आहेत. घंटी होती, पण ती वाजवत नसत. घंटीला कोणी विचारत नाही, माणसाच्या आवाजाला वळून तरी बघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गर्दीतून जाताना त्या मोठ्याने "मैं हूँ, मैं हूँ" म्हणत जायच्या. नवखा माणूस दचकायचा. जुने लोक न बघताच बाजूला होत.

त्यांचं सगळं शास्त्र हाडांचं होतं. म्हातारं माणूस पडतं ते हातावर, म्हणून मनगट जातं. सायकलवाला पडतो खांद्यावर, म्हणून गळ्याजवळचं हाड. आणि गाडीने उडवलेला माणूस कसा पडेल हे त्याच्या हातात नसतं, त्याचं काहीही जाऊ शकतं. यावरून त्यांनी शहरातल्या रस्त्यांची वाटणी केली होती. रेल्वे पुलाकडचा चढ गळ्याच्या हाडांचा. बायपासबद्दल त्या बोलत नसत. आमच्या कॉलनीचा रस्ता मनगटांचा.

याचं कारण रॅम्प. आमच्याकडे प्रत्येक घराच्या फाटकातून गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार रस्त्यापर्यंत आणलेला आहे. कोणाचा हातभर, कोणाचा चांगला चार पावलांचा. एकाचा उंच, शेजारच्याचा बुटका, मध्ये नालीचा तुकडा उघडा. पायी चालणाऱ्याने एक तर या टेकड्या चढत-उतरत जावं, नाही तर रस्त्याच्या मध्ये यावं.

माझी आई अशीच पडली. संध्याकाळी देवळात निघाली होती, सोलंकीजींच्या रॅम्पवर पाय घसरला. सोलंकीजी म्हणजे आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष, भला माणूस, त्यांनीच तिला उचलून त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. ताई मागोमाग सायकलवर आल्या. एक्सरेची प्लेट खिडकीच्या उजेडासमोर धरून त्यांनी पाहिली आणि आईला म्हणाल्या, "आक्का, तुम्ही पडला नाहीत. तुम्हाला पाडलंय."

आई घाबरून म्हणाली की नाही हो, कोणी हातसुद्धा लावला नाही.

"तेच म्हणते मी," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोजपट्टी आणि गेरूचा डबा घेऊन हजर. आई जिथे पडली तिथे त्यांनी गेरूने ताटाएवढं वर्तुळ काढलं. मग घरोघर विचारून, आणखी कोण कुठे पडलं होतं तिथे तिथे वर्तुळं काढली. त्यांना वाटलं होतं, लोक बघतील, विचारतील, बोलणं निघेल. झालं भलतंच. आमच्या उज्जैनमध्ये रस्त्यावर कोणी तांबड्या रंगाचं वर्तुळ काढलं तर त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. टोटका आहे, कोणीतरी करणी केली आहे म्हणून माणूस चार हात लांबून जातो. दोन दिवसांत स्कूटरवाले वर्तुळं चुकवून जाऊ लागले. दूधवाल्याने गाडीचा वेग कमी केला. कोणीतरी एका वर्तुळात लिंबू आणून ठेवलं.

सोलंकीजी हात जोडून ताईंकडे आले. म्हणाले, दीदी, हे जे काही आहे ते उतरवून घ्या, माझी सून गरोदर आहे. ताईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्या पायरीवर बसून पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "भीतीने का होईना, गाडी वळली ना? देव करो आणि सगळ्या शहरात लिंबं पडोत." वर्तुळं त्यांनी पुसली मात्र. सुनेसाठी.

तेव्हापासून अर्ज सुरू झाले. रविवारी दुपारी ताई आमच्याकडे येत, आई हात गळ्यात बांधून खाटेवर बसलेली असे, आणि ताई मराठीत सांगत, मी हिंदीत लिहीत असे. टाइप केलेला कागद त्यांना नको होता. छापलेलं कोणी वाचत नाही, हाताने लिहिलेलं बघितलं की साहेबाला वाटतं, कोणीतरी बसून लिहिलंय, म्हणजे कोणालातरी दुखतंय. त्या सांगायच्या, "लिही, एकदा तुमच्या आईला या रस्त्याने चालवून आणा, मग बोला." मी लिहायचो, महोदय से सविनय अनुरोध है कि एक बार स्थल का अवलोकन करने की कृपा करें. त्या सांगायच्या, "लिही, तुम्हाला लाज कशी वाटत नाही." मी लिहायचो, यह विषय आपकी संवेदनशीलता की अपेक्षा रखता है. मग मी सगळं वाचून दाखवायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हे मी बोलले? छान बोलते की रे मी."

हे अर्ज घेऊन त्या कलेक्टर कचेरीत मंगळवारच्या जनसुनवाईला जात. रांगेत जमिनीचे तंटे, पेन्शनी, रेशनकार्डं, आणि त्यांत या फुटपाथवाल्या. रांगेतली माणसं विचारत, अम्मा, तुम्हारा क्या गया? त्या सांगत, "मेरा कुछ नहीं गया. जाने का बाकी है."

एक आठवण सांगतो. श्रावणातली महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, निघते त्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते गाड्यांना बंद असतात. सवारीला अजून तास-दोन तास असतील. ताईंनी माझ्या आईला बाहेर काढलं, हात बरा झाला होता तिचा. मी सोबत होतो. बॅरिकेडच्या आत रस्ता रिकामा, धुतलेला, दोन्ही बाजूंना माणसं आपापली जागा धरून बसलेली. आईला घेऊन ताई मधोमध चालू लागल्या. पोलिसाने शिटी वाजवली तर म्हणाल्या, "माताजी को रामघाट दिखाने ले जा रही." त्याने सोडलं. आई म्हणाली, "कुमुद, हा रस्ता एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं." लहानपणापासून त्या रस्त्याने गेलेली बाई.  ताईंनी आईचा हात सोडून दिला आणि तिला एकटीला चालू दिलं. पंचवीस-तीस पावलं ती कोणाचाही आधार न घेता चालली. पुढच्या वर्षी आई गेली. तापाने गेली, रस्त्याने नाही.

सिंहस्थाची तयारी सुरू झाली आणि शहरातले रस्ते उकरले जाऊ लागले. आमच्या रस्त्याचाही नंबर लागला. तेव्हा एक तरुण इंजिनिअर आला. ताईंच्या अर्जांचा गठ्ठा त्याने खरंच वाचला होता. त्याचं म्हणणं असं की रस्ता नव्याने होणारच आहे, तर दोन्ही बाजूंना एका पातळीतला फुटपाथ बसू शकतो, मात्र फाटकाबाहेर आलेले रॅम्प तोडावे लागतील, आणि रहिवाशांची संमती हवी. ताई म्हणाल्या, संमती उद्या देते.

रात्री मी संमतीपत्र लिहून दिलं, ते घेऊन त्या घरोघर गेल्या. सगळ्यांनी सह्या केल्या. एकानेही नाही म्हटलं नाही.

इथे आमच्या गावाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. माळव्यात तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. दारात आलेल्या माणसाला बसवायचं, चहा द्यायचा, तो म्हणेल त्याला "हाँ-हाँ, क्यों नहीं" म्हणायचं, कागद पुढे केला तर सही करायची. त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही आमच्याकडे आलात, आम्हाला बरं वाटलं. हे इथल्या लहान पोरालासुद्धा कळतं. ताईंना कळत नव्हतं. एक्सरेत हाड मोडलेलं असतं किंवा नसतं, तसंच त्यांना सहीचं वाटायचं. मला कळत होतं. मी त्यांना सांगितलं नाही, कारण तो कागद घेऊन त्या इतक्या आनंदात आमच्या दारात उभ्या होत्या की माझ्याकडूनही "छान झालं, ताई" एवढंच निघालं. सह्यांच्या यादीत पहिली सही माझी होती.

मग मजूर आले आणि त्यांनी चुन्याची रेघ ओढली. रेघ प्रत्येकाच्या रॅम्पवरून गेली. कागदावर सही करणं वेगळं आणि आपल्या फाटकासमोर पांढरी रेघ बघणं वेगळं. आई गेल्यानंतर मी गाडी घेतली होती. रॅम्प तुटला तर ती आत चढणार नव्हती, बाहेर उभी करायची तर जागा फुटपाथ खाणार होता. रोज सकाळी मी ती रेघ बघायचो आणि मला ताईंचा राग यायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण राग यायचा हे खरं आहे.

रविवारी सोलंकीजींनी गच्चीवर सगळ्यांना पोहे-जलेबीला बोलावलं. ताईंना बोलावलं नव्हतं. कोणीही त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोललं नाही. उलट, दीदी किती करतात, या वयात किती धावतात, हेच सगळे म्हणत होते. मग सोलंकीजींनी माझ्या बशीत आणखी शेव घातली. "सुधीर भाई, लिखने वाले तो आप ही हो. दो लाइन बना दो. किसी को बुरा भी न लगे."

मला कोणी दटावलं नाही, धमकावलं नाही. मी पेन खिशातून काढलं आणि लिहिलं. आम्ही निम्नहस्ताक्षरित रहिवासी या रस्त्यावर फुटपाथऐवजी पूर्ण रुंदीचा रस्ता आणि वाहनांसाठी जागा मागतो. चांगलं लिहायची सवय हाताला लागलेली असते. मी कारणही दिलं, वृद्धजनों एवं बालकों की सुविधा हेतु. ताईंच्या प्रत्येक अर्जात असायचे ते शब्द. माझ्या हातातून ते आपोआप उतरले. लोकांनी वाहवा केली आणि तिथेच सह्या केल्या.

घरी आल्यावर माझी बायको मेधा म्हणाली, "ताईंना सांगितलंत?" मी म्हटलं, सांगतो. तिने पुन्हा विचारलं नाही. मी दहा दिवस सांगितलं नाही. त्या दहा दिवसांत ताई दोनदा घरी आल्या. एकदा विचारत होत्या की फुटपाथच्या कडेला कडुनिंब लावावा की नाही, मुळं फरशी उचलतील का. मी म्हटलं, कडुनिंब नको, ताई, त्याची मुळं पसरतात. त्यांनी मान डोलावली आणि मनाशी काहीतरी ठरवत गेल्या.

अकराव्या दिवशी तो इंजिनिअर आला. रस्त्यावर सगळे जमले. ताई पुढे, मी जरा मागे. त्याला फाटकापासून रेघेपर्यंत मोजायचं होतं, म्हणून हातातली फाइल त्याने सहज ताईंकडे दिली. धरा जरा, मॅडम. ताईंनी चष्मा लावला. फाइल उघडी होती, वरचा कागद नवा होता.

त्या वाचत होत्या तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. त्यांना हिंदी सावकाश वाचायची सवय, एकेक शब्द ओठांवर यायचा. वृद्धजनों एवं बालकों पाशी ओठ थांबले. मग त्यांनी खालचा कागद उलटून पाहिला, आपला स्वतःचा. दोन्ही शेजारी शेजारी धरले, जशा पूर्वी दोन प्लेटा धरत असतील, आधीची आणि नंतरची.

इंजिनिअर परत आला. त्यानेही दोन्ही पाहिले आणि हसला. चांगला मुलगा, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "मैडम, ये दोनों तो एक ही आदमी के लिखे हुए हैं."

सोलंकीजी आकाशाकडे बघू लागले. मेधा फाटकात उभी होती, ती आत गेली.

ताई म्हणाल्या, "हाँ. हमारे यहाँ एक ही आदमी अच्छा लिखता है."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. बोटसुद्धा दाखवलं नाही. फाइल मिटून त्याला परत दिली. त्याने विचारलं, मग नक्की काय करायचं? दोन्ही कागदांवर त्याच लोकांच्या सह्या आहेत. ताई म्हणाल्या, बादवाला सच है, पहिलेवाला मी करून घेतला होता. एवढं बोलून त्या घराकडे निघाल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा क्षणभर थांबल्या.

"घाईत लिहिलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मात्रा न मात्रा नीट आहे."

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. पुढे कॉलनीत नव्या आलेल्या एका बाईने विचारलं, दीदी, फुटपाथ किसने रुकवाया? तर त्या म्हणाल्या, "सबने." त्या "सबने"मध्ये त्यांनी मला लपवलं. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो, कबूल केलं असतं, निदान भांडलो असतो. आठ-दहा दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ताई, मी नवीन अर्ज लिहितो, दुसरा कागद दबावाखाली झाला असं लिहितो. त्यांनी नेहमीसारखा चहा केला. मग विचारलं, "दबाव होता का?"

मी चहाचा कप उचलून तोंडाला लावला.

"मग खोटं कशाला लिहायचं. आता मी माझ्याच हिंदीत लिहिते. साहेब हसतात. हसले तरी मलाच हसतात ना, चालतं."

त्यांनी लिहिलेही असतील काही. मला कधी दाखवले नाहीत. रस्ता झाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत, काळाभोर, गुळगुळीत. लोकांनी त्यावर पुन्हा रॅम्प घातले, आधीपेक्षा मोठे. माझ्या रॅम्पला मी खाचांच्या फरश्या लावल्या, पावसात चाक घसरू नये म्हणून. रस्ता गुळगुळीत झाल्यावर गाड्यांचा वेग वाढला, आणि फाटकाआत न मावणाऱ्या गाड्या दोन्ही कडांना उभ्या राहू लागल्या. ताई सायकलवर मागच्या गल्लीने जाऊ लागल्या. मग एक दिवस सायकल दिसेनाशी झाली. मेधाकडून कळलं की त्यांनी ती दवाखान्यातल्या एका आयाला दिली, आणि आता त्या भाचीकडे इंदूरला राहायला जाणार आहेत. मेधा त्यांना खण-नारळ देऊन आली. मला म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, जातो.

त्या निघाल्या ते गुरुवारी सकाळी. मला माहीत नव्हतं. मी ऑफिसला निघालो होतो. गाडी फाटकातून उतरवून रस्त्याला लावली, तर समोर त्या. एका खांद्यावर कापडी पिशवी, हातात जुनी चामड्याची बॅग. रिक्षा आत यायला तयार नसेल, नाक्यावर उभी असेल. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या होत्या आणि त्या रस्त्याच्या मधोमध चालत होत्या, बॅगेच्या वजनाने एका अंगाला कलून. त्या दिवशी त्यांची पाठ ताठ नव्हती.

मी त्यांच्या मागे चालण्याच्या वेगाने गाडी नेऊ लागलो. हॉर्न वाजवणं शक्य नव्हतं. उतरून बॅग घेणं शक्य होतं. मी प्रत्येक घर मागे पडताना म्हणत होतो, आता उतरतो. माझ्या मागे एक शाळेची व्हॅन आली, तिच्या मागे आणखी कोणी, आणि हॉर्न सुरू झाले. ताईंनी मागे पाहिलं नाही. बाजूला व्हायला बाजूच नव्हती.

नाक्यावरच्या औषधांच्या दुकानाला एक पायरी आहे. तिथे पोचल्यावर त्या पायरीवर चढल्या, बॅग पायाशी ठेवली, शटरला हात टेकून वळल्या. आधी गाडी पाहिली, मग मला. मी काच खाली केली. "ताई" म्हटलं. मागचा हॉर्न थांबत नव्हता.

त्यांनी हाताने पुढे जा अशी खूण केली. गेली पंचवीस वर्षं त्या माझ्याशी मराठीत बोलत आल्या होत्या.

"निकल जाओ, भैया," त्या म्हणाल्या. "निकल जाओ."

मी निघून गेलो. आरशात त्या पायरीवरून उतरताना दिसल्या. आधी बॅग खाली ठेवली, मग एक पाय, मग शटर धरून दुसरा.